आकडा फुगला, वाचक कुठे?

इंटरनेटवरची खुली ग्रंथालये आपल्या वापराचे लाखांतले आकडे अभिमानाने सांगतात. या आकड्यांवर अनुदाने ठरतात, श्रेणी ठरतात, क्वचित एखाद्या संग्रहाचे भवितव्यही ठरते. पण या आकड्यांत हाडामांसाचे वाचक किती आणि नुसती यंत्रे किती?

गावातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात संध्याकाळी सहाच्या सुमारास गेलात, तर देवघेवीच्या टेबलाशी थोडीफार गर्दी हमखास दिसते. कुणी दिवाळी अंक बदलायला आलेले असते, कुणी नातवासाठी गोष्टींचे पुस्तक मागत असते. टेबलामागचे गृहस्थ सभासद क्रमांक विचारतात, नोंदवहीत एक ओळ लिहितात आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का उमटवतात. ती चिठ्ठी म्हणजे त्या पुस्तकाची कुंडलीच. शिक्क्यांनी भरून दुसरी चिठ्ठी डकवावी लागली, तर पुस्तक लोकप्रिय. दहा वर्षांत तीनच शिक्के दिसले, तर बिचारे धूळ खात पडलेले.

ही मोजदाद काही अचूक नव्हे. नेलेले पुस्तक न वाचताच परत करणारे सभासद असतातच. उलट एका शिक्क्यावर घरातली चारपाच माणसे पुस्तक वाचून काढतात. पण निदान एक गोष्ट पक्की असते. शिक्का उमटला त्या दिवशी कोणीतरी माणूस आपल्या पायांनी चालत वाचनालयात आला होता.

आता हेच वाचनालय संगणकावर गेले आहे असे समजा. ना सभासद वर्गणी, ना अनामत, ना वेळेचे बंधन. घरबसल्या मोबाइलवर पुस्तक उघडायचे आणि वाचायचे. अशा खुल्या ग्रंथालयांची परंपरा आता पन्नास वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी १९७१ साली 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'ची सुरुवात केली. भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये शोधनिबंधांचा खुला साठा उभा केला, तो आज 'अर्काइव्ह' या नावाने जगभर वापरला जातो. १९९६ मध्ये ब्रूस्टर काल यांनी 'इंटरनेट अर्काइव्ह' स्थापन केले. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांतले लाखो प्रबंध कोणालाही पाहता येतात. वाईला घडलेला मराठी विश्वकोशही आता संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतो.

दार इतके सताड उघडे ठेवले, की एक अडचण आपोआप येते. दाराशी नोंदवही घेऊन बसणारे कोणी उरत नाही. कोण आले, कशासाठी आले, वाचून गेले की नुसते डोकावून गेले, हे विचारायचे नाही असेच तर ठरवलेले असते. म्हणजे ग्रंथालय जितके अधिक खुले, तितकी त्याला आपल्या वाचकांची ओळख कमी. तरीही वर्षअखेरीच्या अहवालात आकडा द्यावाच लागतो. मग तो येतो कुठून?

जेवणारा एक, वाट्या दहा

प्रत्येक संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, त्या सर्व्हरवर एक नोंदवही आपोआप लिहिली जात असते. कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाइल मागितली गेली, मागणाऱ्याने आपण कोण असल्याचे सांगितले, अशी एकेक ओळ. माणसाचे नाव त्यात नसते. त्याने वाचले की नाही, हेही नसते. नोंद होते ती फक्त मागणीची.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या वर्षांत या ओळी मोजून 'हिट्स' सांगण्याची मोठी हौस होती. पानाच्या तळाशी 'तुम्ही अमुक हजारावे पाहुणे' असा फिरता आकडा असे. गंमत अशी, की एका पानावर बारा चित्रे असतील तर ते पान एकदा उघडल्यावर नोंदवहीत तेरा ओळी पडतात. एक पानाची आणि बारा चित्रांच्या. लग्नात किती पाने उठली हे मोजायला एखाद्याला बसवावे, आणि त्याने ताट, वाट्या, भांडे, चमचा असे सगळे वेगवेगळे मोजून 'दहा माणसे जेवली' असे लिहावे, तसा हा प्रकार. हिशोब खोटा नाही. मोजायची वस्तूच चुकली.

पुढे हिट्सच्या जागी 'पाने पाहिली' आणि 'डाउनलोड' हे शब्द आले. ते बरे आहेत, पण निर्दोष नाहीत. नेट मंद असले की आपण एकाच बटणावर दोनतीनदा बोट दाबतो. पुस्तक एक, वाचक एक, नोंदी तीन. एखादे ग्रंथालय पुस्तकाचे एकेक पान स्वतंत्र दाखवते, तर दुसरे अख्खे पुस्तक एका पीडीएफमध्ये देते. पहिल्याकडे तीनशे पानांचे पुस्तक वाचणारा तीनशे नोंदी करून जातो, दुसऱ्याकडे एकच. मग 'आमचा वापर तुमच्या तीनशेपट' या म्हणण्याला काय अर्थ?

न वाचणारे पाहुणे

पण हे सगळे किरकोळ. खरा गोंधळ आहे तो यंत्रांचा. इंटरनेटवर 'बॉट' नावाचे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. त्यातले काही आपल्या उपयोगाचे. गूगलवर शोधले की उत्तर मिळते, ते त्याच्या बॉटने आधीच कोट्यवधी पाने चाळून ठेवलेली असतात म्हणून. अशा पाहुण्यांनी कुठे यावे आणि कुठे येऊ नये, हे सांगणारी पाटी संकेतस्थळाच्या दारावर लावण्याचा संकेत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवला. तो आजही चालतो. पण पाटी ती पाटीच. 'येथे कचरा टाकू नये' या पाटीखालीच कचऱ्याचा ढीग असतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

या यंत्रांचे प्रमाण किती असावे? आयर्लंडमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या खुल्या संग्रहातील नोंदी तपासून जोसेफ ग्रीन यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष काढला, की गाळणी न लावलेल्या डाउनलोडपैकी सुमारे ८५ टक्के यंत्रांचे होते. म्हणजे शंभर शिक्क्यांपैकी माणसांचे पंधरा.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना मजकुराची प्रचंड भूक लागली आहे, आणि खुली ग्रंथालये म्हणजे त्यांना आयते वाढलेले ताट. जगभरच्या खुल्या संग्रहांच्या 'कोअर' या महासंघाने २०२५ मध्ये आपल्या सदस्यांची पाहणी केली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक संग्रहांनी आक्रमक बॉटचा त्रास होत असल्याचे सांगितले. अनेकांची सेवा मंदावली, काहींची बंद पडली. पूर्वीचे बॉट निदान आपले नाव सांगत. आताचे काही नाव लपवतात, साध्या ब्राउझरचे सोंग घेतात आणि हजारो वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून येतात. म्हणजे नोंदवहीत ते हजारो निरनिराळे वाचक दिसतात.

हे सोंग किती बेमालूम असते, याचा अनुभव विकिपीडियाने घेतला. २०२५ च्या मे महिन्याच्या सुमारास तिथे माणसांची वर्दळ अचानक वाढलेली दिसू लागली, आणि ती बहुतांशी ब्राझीलमधून. आनंद मानून गप्प बसता आले असते. पण विकिमीडिया फाउंडेशनने शोध घेतला, बॉट ओळखण्याची पद्धत सुधारली आणि मार्च ते ऑगस्टपर्यंतचे आकडे पुन्हा तपासले. मे-जूनमधली बरीचशी जादा वर्दळ पकडले जाऊ नये अशा बेताने बनवलेल्या बॉटची निघाली. ती वजा केल्यावर दिसले ते उलटेच. माणसांनी पाहिलेल्या पानांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी घटली होती. वाढ म्हणून जी दिसत होती, तिच्या आड घट दडलेली होती. फाउंडेशनने हे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. आपलाच आकडा आपण होऊन खाली आणायला धैर्य लागते.

आकड्याला गुण चिकटले की

यंत्रांना दोष देऊन माणसे मात्र मोकळी होऊ शकत नाहीत. समाजशास्त्रे, अर्थशास्त्र, कायदा या विषयांचे निबंध ठेवणारे 'एसएसआरएन' हे संकेतस्थळ १९९४ पासून चालू आहे. कोणाचा निबंध किती वेळा डाउनलोड झाला याच्या क्रमवाऱ्या तिथे लागत. बेंजामिन एडलमन आणि इयन लार्किन या अभ्यासकांनी तिथल्या नोंदी चाळल्या. काही विद्वान मंडळी आपलाच निबंध पुन्हा पुन्हा उतरवून घेत असल्याच्या खुणा त्यांना सापडल्या. बरोबरीच्या सहकाऱ्यांचे आकडे वर गेले, की हा मोह वाढे. शेजारच्यांच्या पोराला किती टक्के पडले, या चौकशीतून आपल्या घरात जे सुरू होते, तेच हे!

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला एक विचार पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. कोणत्याही मोजमापाला ध्येय बनवले, की ते चांगले मोजमाप राहत नाही, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या 'नॅक'ने २०१७ मध्ये आणलेल्या मूल्यांकन पद्धतीत ग्रंथालयाचा दररोजचा वापर विचारला. प्रत्यक्ष येणारे किती आणि ऑनलाइन लॉगिन करणारे किती. प्रश्न रास्त होता. पुस्तके कुलुपात ठेवून कपाटांची संख्या सांगणाऱ्यांना तो विचारायलाच हवा. पण आकड्याला गुण चिकटले, की रोज सकाळी संगणक कक्षात सगळ्या वर्गाला ओळीने बसवून फक्त लॉगिन करायला लावण्याचा मोहही त्याच्याबरोबर येतो. तेव्हा वाढतो तो लॉगिनचा आकडा. वाचन होते तिथेच राहते.

नोंदवहीत न आलेले वाचक

इथवर वाचून कोणाला वाटेल, की सगळे आकडे फुगलेलेच असणार. सरसकट निम्मे करावेत आणि मोकळे व्हावे. तसे नाही. याच नोंदवहीतून खरे वाचक गळूनही जातात, आणि आपल्या दृष्टीने ती बाजू जास्त महत्त्वाची आहे.

बऱ्याच संस्था वापर मोजायला संकेतस्थळाच्या पानात बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम वापरतात. पान उघडले की तो नोंद करतो. पण गूगलवर शोधणाऱ्याला पुष्कळदा थेट पीडीएफचाच दुवा मिळतो. तो मधले पान उघडतच नाही. नोंद होत नाही, वाचन मात्र होते. अमेरिकेतल्या मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये ही गळती दाखवून दिली.

दुसरी गळती आयपी पत्त्याची. एका आयपी पत्त्यावरून एका दिवसात आलेल्या मागण्या एकच धरायच्या, हा यंत्रांना आणि उतावळ्या बोटांना आवर घालण्याचा प्रचलित उपाय. अमेरिकेतल्या एका घराला तो ठीक. पण आपल्याकडे वसतिगृहातली दोनशे मुले एकाच जोडणीवर असतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी साऱ्यांनी तेच पुस्तक उघडले, तरी या नियमाने वाचक एकच! यंत्रांना अडवायला लावलेल्या जाळीत अशी गरीब वस्तीतली, सामाईक जोडणीवरची माणसेच आधी अडकतात.

तिसरी गळती हातोहात जाणाऱ्या प्रतीची. एकाने पुस्तक उतरवून घेतले, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले, तिथून ते मावशीकडे, मावशीकडून तिच्या भिशीच्या मैत्रिणींकडे. ग्रंथालयाच्या लेखी डाउनलोड एक.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक दुखणे आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ने हजारो जुनी मराठी पुस्तके स्कॅन केली. ते संकेतस्थळ पुढे बंद पडले. सुदैवाने पुष्कळ पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर टिकून राहिली. पण नावे रोमन लिपीत, जशी सुचतील तशी टंकलेली. एकाच पुस्तकाच्या दोनतीन प्रती, दोनतीन वेगळ्या स्पेलिंगखाली. वाचक या प्रतींत विभागले जातात आणि प्रत्येक प्रत 'कमी वापराची' दिसते. ज्यांना स्पेलिंगच सापडले नाही, ते तर कोणत्याच हिशोबात येत नाहीत. मागणी नव्हती की वाट सापडली नाही, हे आकडा सांगत नाही.

शब्दकोशाचे उदाहरण घ्या. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. भाषांतर करणारा माणूस दिवसात चारदा एकेक शब्द पाहतो, अर्ध्या मिनिटात निघून जातो. कादंबरी वाचणारा तीन तास रमतो. 'पानावर घालवलेला वेळ' मोजला तर शब्दकोश निरुपयोगी ठरेल, 'शोधांची संख्या' मोजली तर कादंबरी. दोन्ही निकाल चुकीचे.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

आकडे टाकून द्यावेत असे याचे तात्पर्य नाही. मोजण्याचे नियम ठरवण्याचे काम पुष्कळ झाले आहे. ग्रंथपाल आणि प्रकाशक यांनी एकत्र येऊन २००२ मध्ये 'काउंटर' नावाचा उपक्रम सुरू केला. तीस सेकंदांच्या आत त्याच गोष्टीवर दोनदा बोट दाबले तर नोंद एकच धरायची, ओळखीच्या बॉटची यादी करून ते वगळायचे, एकूण मागण्या आणि एकाच भेटीतल्या पुनरावृत्ती वगळून उरलेल्या मागण्या असे दोन आकडे वेगळे दाखवायचे, असे नियम त्यातून घडत गेले. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या खुल्या संग्रहांसाठी २०१२ पासून याच धर्तीवर सामाईक मोजणी होऊ लागली. सगळ्यांचे माप एक, म्हणून तुलनेला थोडा तरी अर्थ.

त्याहून साधा धडा प्रोजेक्ट गुटेनबर्गचा. तिथे सर्वाधिक उतरवलेल्या शंभर पुस्तकांची यादी असते, आणि तिच्या पानावर मोजणीचे नियम चार ओळींत दिलेले वाचायला मिळत आले आहेत. एका आयपी पत्त्यावरून एका दिवसात झालेले डाउनलोड एकच. दिवसात शंभरावर फाइली नेणारा तो बॉट, त्याला वगळले. इतरत्र ठेवलेल्या प्रतींचा वापर आम्हाला कळत नाही, म्हणून तो यात नाही. नियम ढोबळ आहेत. पण काय मोजले आणि काय मोजता आले नाही, हे आकड्याशेजारीच सांगितले, की वाचणारा आपला आपण ठरवू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी 'आमच्या संकेतस्थळाला इतक्या लाख वाचकांनी भेट दिली' असे वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. मोजले काय, हिट्स, पाने की डाउनलोड? यंत्रे वगळली का, आणि कशी? मोजण्याची पद्धत गेल्या वर्षी होती तीच आहे का? उत्तरे मिळाली तर आकड्याला किंमत द्यावी. विशेषतः एकाच ग्रंथालयाचा, एकाच मापाने मोजलेला, तीनचार वर्षांचा चढउतार बरेच काही सांगून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट अर्काइव्ह कित्येक दिवस बंद होते. त्या काळातली घसरण म्हणजे वाचकांनी फिरवलेली पाठ नव्हे, हेही मागचे-पुढचे माहीत असले तरच कळते.

काहीजण सुचवतात, की प्रत्येकाला नाव आणि मोबाइल क्रमांक विचारावा, म्हणजे हिशोब चोख राहील. हिशोब राहील, ग्रंथालय खुले राहणार नाही. आजाराबद्दल गुपचूप वाचू पाहणारी बाई, मालकाविरुद्धचा कायदा शोधणारा कामगार, घरच्यांना नको असलेला विषय वाचणारा मुलगा नाव विचारताच दारातून मागे फिरतील. थोडा कच्चा आकडा ही उघड्या दाराची किंमत आहे, आणि ती मोजण्यासारखी आहे.

डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, म्हणजे आकड्यांशी त्यांचे वैर असण्याचे कारण नव्हते. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यातले दोन. किती वाचक, हे त्यांत नाही. कोकणातल्या एखाद्या बंदराच्या इतिहासावरचा प्रबंध वर्षात एकदाच उघडला जात असेल. पण तो उघडणारा जर त्याच बंदरावर काम करणारा विद्यार्थी असेल, तर तो प्रबंध सत्कारणी लागला. हजार बॉट येऊन गेले म्हणून त्याची किंमत वाढत नाही, आणि एकच माणूस आला म्हणून कमीही होत नाही.

हार्वर्ड विद्यापीठाच्या 'डॅश' या खुल्या संग्रहाने आकड्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट सुरू केली. निबंध उतरवून घेणाऱ्याला तिथे विनंती केली जाते, की याचा तुम्हाला काय उपयोग झाला ते जमल्यास दोन ओळींत कळवा. आपल्या वाचनालयांत दोरी बांधलेल्या पेन्सिलीसह एक अभिप्रायवही असे, तिचाच हा नवा अवतार. विश्वकोशातली एखादी नोंद मुलीच्या प्रकल्पाला उपयोगी पडली, एखाद्या जुन्या पुस्तकात आजोबांच्या गावाची माहिती सापडली, तर त्या संस्थेला तसे जरूर कळवावे. बॉटला हे लिहायचे काही कारण नसते. पुढच्या वर्षी एखाद्या बैठकीत 'याला वाचक आहेत तरी का' असा प्रश्न निघाला, की चालकांच्या हाती दाखवायला काहीतरी असेल.